मुदत त्यांची संपली, घाबरलो आपण

गेल्या वर्षी माझ्या मावसबहिणीचा शिष्यवृत्तीचा अर्ज राहिला. ती गावाकडे बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला, मी पीएचडीसाठी हैदराबादला. शेवटच्या तारखेच्या आदल्या रात्री तिने मोबाइलवर साइट उघडली. समोर लाल त्रिकोण आणि मजकूर: कनेक्शन खाजगी नाही, हल्लेखोर तुमची माहिती चोरत असू शकतात. तिने फोन बंद केला आणि मला चार दिवसांनी सांगितलं. "ताई, साइट तर सरकारी आहे, ती खाजगी कशी असेल? मला वाटलं, माझ्याच हातून काहीतरी चुकीचं दाबलं गेलं."

मी साइट उघडून पाहिली. तिच्या सुरक्षा प्रमाणपत्राची मुदत संपली होती. चार दिवसांनंतरही कोणी ते नवं केलं नव्हतं. कॉलेजच्या नोंदीत मात्र लागलं: विद्यार्थिनीने मुदतीत अर्ज केला नाही.

प्रमाणपत्र, मुदत, नूतनीकरण हे शब्द आपल्याला कोणी शिकवायला नकोत. उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत संपली की आपला अर्ज त्रुटीत निघतो. साइटलाही असाच दाखला लागतो. हा पत्ता खरोखर त्याच साइटचा आहे, हे ब्राउझर त्यावरून ताडून पाहतो. सप्टेंबर २०२० पासून तो जास्तीत जास्त ३९८ दिवसांचा झाला आणि २०२९ पर्यंत ही मर्यादा ४७ दिवसांवर येणार आहे. नूतनीकरण आपोआप होण्याची सोय आहे, मोफत प्रमाणपत्रंही मिळतात. तरीही ज्यांचा दाखला संपला ते निवांत, आणि दारात उभी असलेली मुलगी स्वतःला गुन्हेगार समजते.

इशारे काढून टाका, असं मी म्हणत नाही. धोका खरा असतो. २०१४ मध्ये आपल्याच देशाच्या एनआयसीच्या यंत्रणेतून गूगलच्या पत्त्यांसाठी अनधिकृत प्रमाणपत्रं निघाली होती. तेव्हा सरकारी शिक्का म्हणजे सगळं ठीक, असंही नाही. पण संपलेली मुदत, न जुळणारं नाव आणि अनोळखी प्रमाणपत्र या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. क्रोमवर तिन्हींच्या वर साधारण तेच भीतीचं वाक्य येतं. नेमकं कारण एका कोडमध्ये किंवा आणखी एका बटणामागे असतं.

भीतीचे परिणाम दोन. एक बहिणीचा. दुसरा नेट कॅफेतला: तिथला मुलगा न वाचता 'पुढे जा' दाबतो आणि आपला आधार क्रमांक, बँक खातं भरून मोकळा होतो. रोज तीच ओरड ऐकली की खरी ओरडही ऐकू येत नाही.

क्रोमचे इशारे नव्याने लिहिणाऱ्या संशोधकांनी २०१५ मध्ये प्रामाणिकपणे मांडलं होतं की नव्या मांडणीमुळे इशारा पाळणारे बरेच वाढले, पण तो समजावून देण्यात फारसं यश आलं नाही. समजलं नाही तरी चालेल, मागे फिरले म्हणजे झालं, हा हिशेब सुरक्षेच्या दृष्टीने बरोबर असेलही. पण 'समजून काय करायचंय, सांगितलं तेवढं ऐक' हे वाक्य आपल्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या ऐकलं आहे. म्हणून मी ते इथेही मान्य करत नाही.

मुदत संपल्याचा इशारा असा लिहिता येईल:

"या साइटच्या प्रमाणपत्राची मुदत संपलेली दिसते. आधी तुमच्या फोनची तारीख-वेळ तपासा. ती बरोबर असेल तर चूक साइट चालवणाऱ्यांची आहे. साइट खरी असल्याची खात्री आत्ता देता येत नाही, म्हणून पासवर्ड, आधार किंवा बँकेची माहिती भरू नका."

यात काही लपवलेलं नाही, काही फुगवलेलं नाही. काय बिघडलं, कोणी दुरुस्त करायचं आणि तोवर आपण काय करायचं, हे तिन्ही आहे. आणि 'खाजगी'ऐवजी 'सुरक्षित' लिहा. आपल्याकडे खाजगीचा पहिला अर्थ 'सरकारी नसलेलं' असा होतो.

इशाऱ्याची भाषा सुधारली तरी बहिणीचा अर्ज राहिलाच असता, कारण माहिती भरू नका हाच योग्य सल्ला होता. म्हणून दुसरी मागणी पोर्टल चालवणाऱ्यांकडे: प्रमाणपत्र जितके दिवस बंद, तितके दिवस अर्जाची मुदत वाढलीच पाहिजे.

तोवर आपण एवढं करू. असा पडदा दिसला की तारखेसह स्क्रीनशॉट घ्यायचा, त्याच दिवशी कॉलेज आणि समाजकल्याण कार्यालयाला लेखी कळवायचं, पोच घ्यायची. आणि घरातल्या धाकट्यांना आधीच सांगून ठेवायचं: लाल पडदा दिसला तर फोन लपवू नका, फोन करा.