ब्राकचा खिळा

'फोटो आले आणि चित्रकारांनी हुबेहूब काढणं सोडलं' हे वाक्य आपण इतक्यांदा ऐकलेलं असतं की ते तपासून बघायचं सुचतच नाही. क्यूबिझमच्या बाबतीत तरी मला ते पटत नाही.

नजरेला फसवणारी चित्रं फार जुनी. प्लिनीने सांगितलेली गोष्ट बहुतेकांना माहीत असेल. झ्यूक्सिसच्या द्राक्षांवर पक्षी चोची मारायला आले. मग तो ऐटीत पार्‍हासिअसला म्हणाला, "आता तुझ्या चित्रावरचा पडदा सार." तो पडदा हेच चित्र होतं! पुढे १६७० च्या सुमारास खाइसब्रेख्ट्सने तर चित्राची नुसती मागची बाजू रंगवली. लाकडी चौकट, खिळे, नंबराची चिठ्ठी, बस्स.

आता जॉर्ज ब्राकचं १९०९ मधलं 'व्हायोलिन आणि पॅलेट' बघा. व्हायोलिनचे तुकडे तुकडे झालेत, पण पॅलेट टांगलेला खिळा मात्र सावलीसकट जुन्या पद्धतीने काढलाय. हे कुठून आलं? ब्राकचे वडील आणि आजोबा घरं रंगवायचे, आणि तो स्वतःही तेच काम शिकला होता. साध्या पृष्ठभागावर लाकडाचा, संगमरवराचा भास आणायचा हा त्या धंद्यातला नेहमीचा प्रकार. ओल्या रंगावरून फणी फिरवली की लाकडाच्या रेषा तयार! ही फणी ब्राकने क्यूबिस्ट चित्रांत आणली, पिकासोलाही शिकवली. १९१२ मध्ये पिकासोने वेताच्या जाळीची छपाई असलेलं मेणकापड चित्रात चिकटवलं, तर ब्राकने लाकडाची नक्कल छापलेला भिंतीचा कागद. मेणकापड खरं, वेत खोटा!

यावर कोणी म्हणेल, जुने लोक फसवत होते, यांनी फसवणूक उघडी पाडली. पण पार्‍हासिअस जिंकला तो पडदा खोटा आहे हे कळल्यावरच ना? लबाडी पकडली गेली नाही तर दाद कोण देणार? क्यूबिस्टांनी ती पकडायला लागणारा वेळ तेवढा कमी केला.

आमच्या धंद्यातही 'सगळं नव्याने लिहिलंय' म्हणणाऱ्यांच्या फायली उघडल्या की जुनी फंक्शन्स सापडतात. त्यात वाईट काहीच नाही. वाईट एवढंच की क्रांतीच्या गोष्टीत ज्याची फणी वापरली तो रंगारी गायब होतो. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने २०२२ मध्ये जुनी फसवी चित्रं आणि क्यूबिस्ट शेजारी शेजारी लावले, ते मला म्हणूनच आवडलं. शाळेच्या पुस्तकातही ते तसेच यावेत.