पडद्यामागच्या शिक्षणाचा हिशेब

शैक्षणिक कर्जासंबंधी वाचकांच्या ज्या पृच्छा येतात, त्यांपैकी एकीने मला विशेष विचारात पाडले. लातूरच्या एका वस्त्रव्यापारी कुटुंबातील कन्येस बी.कॉम.नंतर नाट्यशिक्षण घ्यावयाचे आहे. तेही अभिनयाचे नव्हे, तर नेपथ्य, प्रकाशयोजना आणि वेशभूषा यांचे. पडदे बांधण्यास पदवी कशाला, असे आजोबांचे म्हणणे. कर्जाची फेड कशातून होणार, हा वडिलांचा प्रश्न.

आजोबांचे म्हणणे आधी घेऊ. भरतमुनींनी अभिनयाच्या चार प्रकारांत वेश व रंगभूषेच्या ‘आहार्य’ अंगास स्वतंत्र स्थान दिले, आणि मध्यम आकाराचा नाट्यमंडप 64 हात लांब व 32 हात रुंद असावा, इतक्या बारकाईने मापे सांगितली. आजचा विद्यार्थी रंगमंचाचा आराखडा व लहान प्रतिकृती करतो, ती याच परंपरेतील होय. विजेचे साधे गणित पाहा. 1000 वॅटचे 20 दिवे एकाच वेळी लावले, तर 230 व्होल्टवर सुमारे 87 अँपिअर प्रवाह लागतो. तालुक्याच्या सभागृहाची वायरिंग तेवढी सक्षम नसेल तर काय घडेल, हे इलेक्ट्रिक सामानाचे व्यापारी असलेल्या वाचकांना मी सांगावयास नको. हिरवे लुगडे निव्वळ लाल प्रकाशात काळपट दिसते, हेही वेशभूषाकारास आधी ठाऊक असावे लागते. ज्या घरात कापडाचा पोत बोटांनी ओळखतात, तेथील मुलीचा निम्मा अभ्यास दुकानातच झालेला असतो! ‘गांधी’ चित्रपटाच्या वेशभूषेसाठी 1983 साली ऑस्कर मिळविणाऱ्या भानू अथैया कोल्हापूरच्याच होत्या.

शिक्षणाची सोय दूर नाही. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात ललित व प्रयोगजीवी कला संकुल आहे. छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठात नाट्यशास्त्र विभाग, पुण्यात ललित कला केंद्र, मुंबई विद्यापीठात अकादमी ऑफ थिएटर आर्ट्स. मात्र विद्यापीठांतून नेपथ्य हा बहुधा नाट्यशिक्षणाचा एक भाग म्हणून शिकविला जातो. सखोल शिक्षणासाठी दिल्लीचे राष्ट्रीय नाट्य विद्यालय आहे. स्थापना 1959, अभ्यासक्रम तीन वर्षांचा. तेथे पदवीधर असणे व नाटकांतील कामाचा अनुभव, दोन्ही पाहतात. विद्यार्थ्यांस शिष्यवृत्तीही मिळते. कागदावर मात्र ती पदवी नसून पदविका आहे. पुढे प्राध्यापकी करावयाची असल्यास समकक्षतेची चौकशी आधीच करावी.

आता वडिलांचा प्रश्न, आणि तो मला अधिक रास्त वाटतो. 1913 साली निघालेल्या गंधर्व नाटक मंडळीचे वैभव सर्वश्रुत आहे, तसेच त्या भरजरी वस्त्रांच्या व सजावटीच्या पायी झालेले कर्जही. रसिकता उदंड, अंदाजपत्रक शून्य. आजच्या नेपथ्यकारास लाकूड, कापड, वाहतूक, मजुरी यांचा हिशेब आधी मांडून निर्मात्याची संमती घ्यावी लागते. हे काम व्यापाऱ्याच्या मुलीस जड जाऊ नये.

परंतु मिळकत अनियमित, हे झाकण्यात अर्थ नाही. नाटकागणिक मानधन, मधून चित्रपट-मालिका, प्रदर्शने व समारंभांची सजावट, पगारपत्रक नाही. आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत 4 लाखांपर्यंत मार्जिन लागत नाही आणि अभ्यासक्रमानंतर साधारण एक वर्ष हप्त्यातून सवलत असते. त्यानंतर हप्ता महिन्याच्या महिन्याला, उत्पन्न मात्र हंगामी. मोंढ्यातील आमच्या मंडळींना ही ओढाताण अपरिचित नाही. म्हणून शिष्यवृत्ती मिळाल्यास कर्ज टाळावे, घेतलेच तर लहान घ्यावे. प्रत्येक कामाचा लेखी करार, व्यवसायाचे वेगळे खाते आणि पहिल्या वर्षापासून आयकर विवरणपत्र. उद्या गृहकर्जासाठी बँक हेच मागणार आहे.

त्या कन्येस मी कळविले आहे की, यंदा प्रवेशअर्जाची घाई करू नये. राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेरीत नेपथ्य, प्रकाशयोजना व रंगभूषा यांनाही पारितोषिके असतात. नांदेड वा लातूरच्या एखाद्या हौशी संघात पडद्यामागचे काम पत्करावे, रात्री दोनपर्यंत सेट उतरवावा, झालेल्या खर्चाची वही ठेवावी. दिल्लीस जाण्यापूर्वी लागणारा अनुभव त्यातूनच मिळेल. आणि आजोबांना एका प्रयोगाला, प्रेक्षागृहात नव्हे तर विंगेत, खुर्ची टाकून बसवावे.