झाकली मूठ आणि सॅटचे गुण

गुण न पाठवणं म्हणजे गुण लपवणं, असं आपल्या नात्यातल्या बऱ्याच जणांना वाटतं. बाकीचे म्हणतात, कमी गुण दाखवायचेच कशाला, झाकली मूठ सव्वा लाखाची! मंडळी, मला दोन्ही पटत नाही.

विषय निघाला भाचीच्या मुलीवरून. नाशिकला सेमी इंग्रजीत आठवीपर्यंत शिकली, तीन वर्षांपूर्वी एडिसनला, न्यू जर्सीत गेली. यंदा बारावीत आहे. सॅट तीनदा दिली. पहिल्यांदा इंग्रजीत ६९०, गणितात ६२०, म्हणजे १३१०. दुसऱ्यांदा ६७० आणि ७५०, झाले १४२०. तिसऱ्यांदा ७१० आणि ६८०, म्हणजे १३९०. (हे सगळं १६०० पैकी.) घरात लगेच एकमत झालं: १४२० पाठवा, बाकीचे विसरा.

मी जुन्या अकरावीच्या एसएससीची. आमच्या हातात एकच गुणपत्रिका, ती जिथे न्यायची तिथे न्यायची. निवड हा प्रकारच नव्हता. त्यामुळे मला हे सगळं पहिल्यापासून समजून घ्यावं लागलं, आणि नात चांगली शिकवते.

तर, २००९ पासून सॅटमध्ये कुठल्या तारखेचे गुण पाठवायचे हे मुलांना ठरवता येतं. पण एका तारखेचं गणित आणि दुसऱ्या तारखेचं इंग्रजी असं कापून पाठवता येत नाही. तारीख निवडली की दोन्ही जातात. जुळवाजुळव कॉलेज करतं. बरीच कॉलेजं प्रत्येक भागातले सर्वांत चांगले गुण उचलून बेरीज करतात, त्याला म्हणतात सुपरस्कोअर. म्हणजे हिचे ७१० आणि ७५०, एकूण १४६०! ज्या १३९० च्या पेपरची घरात लाज वाटत होती, तोच चाळीस गुण वाढवून देतो. १३१० वाला मात्र काहीच देत नाही, तो राहू द्यावा. काही कॉलेजं सगळ्या तारखा मागतात. तिथे मागितलंय ते द्यायचं, त्यात चर्चा नाही.

(एक गंमत. नोंदणीबरोबर चार कॉलेजांना गुण फुकट पाठवता येतात, पण ती नावं परीक्षेनंतर नऊ दिवसांच्या आत द्यायची, निकाल हातात यायच्या आधीच. दुकानदारी सगळीकडे सारखीच!)

आता खरा वाद. कोविडमुळे २०२० मध्ये कितीतरी कॉलेजांनी गुण पाठवणं ऐच्छिक केलं. एमआयटीने २०२२ मध्ये, डार्टमथ आणि हार्वर्डने २०२४ मध्ये पुन्हा गुण मागायचं ठरवलं. पुष्कळ ठिकाणी अजून ऐच्छिकच आहे, आणि कॅलिफोर्नियाची सरकारी विद्यापीठं तर प्रवेशासाठी ते बघतच नाहीत. नातीला जे कॉलेज मनापासून हवंय ते ऐच्छिकवालं. तिथल्या मधल्या निम्म्या मुलांचे गुण १४७० ते १५५०. हिचे १४६०. भाची म्हणते, दहा कमी आहेत, नकोच पाठवायला.

मला हे आकडे वाचण्याची ही रीतच मान्य नाही. मधली निम्मी मुलं १४७० च्या वर, याचा अर्थ गुण पाठवून प्रवेश मिळालेल्यांपैकी चौथा भाग त्याच्या खालीच होता की! शिवाय गुण ऐच्छिक झाले की कमीवाले पाठवत नाहीत, मग छापलेला आकडा वर चढतो, तो बघून पुढच्या वर्षी आणखी मुलं मागे सरतात. अशा आकड्याला किती घाबरायचं?

डार्टमथने २०२४ मध्ये निर्णय बदलला तो उगीच नाही. तिथल्याच प्राध्यापकांना दिसलं की साध्या परिस्थितीतली काही मुलं असे गुण पाठवतच नव्हती, ज्यांचा त्यांना उपयोगच झाला असता. कॉलेज नुसता आकडा बघत नाही, मूल कुठून आलं तेही बघतं. मग नाशिकच्या सेमी इंग्रजीतून नववीला तिकडे गेलेल्या मुलीचे इंग्रजीतले ७१० हे तिथेच जन्मलेल्या आणि महागडा क्लास लावलेल्या मुलाच्या ७१० इतकेच कसे? नववीत तिला इंग्रजीत 'सी' मिळाला होता, तो अर्जात दिसणारच आहे. त्याच्यापुढे हे ७१० ठेवले नाहीत, तर तो 'सी' एकटाच बोलेल.

गुण हजाराच्या आसपास असते आणि शाळेतले ग्रेड उत्तम असते, तर मीच म्हटलं असतं, नको पाठवू. ऐच्छिक म्हणजे ऐच्छिक, त्यात खोटेपणा कसला? पण इथे कारण वेगळं आहे. तिकडच्या मैत्रिणींच्या मुलांचे १५०० च्या पुढे आहेत, हे खरं कारण. (भाची हे वाचेल. वाचू दे.)

तिचं उत्तर तयार आहे: "मावशी, तू नाशकात बसून बोलतेस, फी आम्हाला भरायची आहे." बरोबर आहे. अर्जावर सही नातीची, तीच रविवारपर्यंत ठरवणार आहे. बाकीच्या कॉलेजांना मात्र १३९० चा पेपर १४२० च्या जोडीने जातोय, तेवढं पक्कं झालं.