गमीचं रूप बदला

दोन-तीन वर्षांचं मूल दुपारी झोपतं आणि उठतच नाही. हलवलं तर डोळे किलकिले करतं, उभं केलं तर कोलमडतं. आईबाप धावत इमर्जन्सीत नेतात. डॉक्टरांना आधी शंका येते मेंदूज्वराची, डोक्याला लागलेल्या माराची. मग सीटी स्कॅन, कधी पाठीच्या कण्यातून पाणी काढणं. आणि लघवीच्या तपासणीत निघतो गांजा.

अमेरिकेत सहा वर्षांखालच्या मुलांनी गांजाचे खाद्यपदार्थ (‘गमी’ म्हणजे मऊ गोड गोळ्या, चॉकलेटं) नकळत खाल्ल्याच्या २०७ घटना २०१७ मध्ये विषबाधा केंद्रांकडे नोंदल्या गेल्या. २०२१ मध्ये ३,०५४. जवळपास सगळ्या घरातच घडल्या.

धुरातून घेतलेला गांजा काही मिनिटांत चढतो. पोटात गेलेला यकृतातून जातो, तिथे त्याचं आणखी जोरकस रूप तयार होतं आणि परिणाम दिसायला अर्धा ते दोन तास लागतात. तोवर गोड लागलं म्हणून मूल पाकीट संपवतं. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात कायद्याने विकल्या जाणाऱ्या एका पाकिटात १०० मिलिग्रॅम टीएचसी (गांजातलं नशेचं द्रव्य) असू शकतं, म्हणजे मोठ्या माणसाचे दहा डोस, बारा किलोंच्या जिवात. बहुतेक मुलं एक-दोन दिवसांत सावरतात. पण काहींचा श्वास मंदावतो, व्हेंटिलेटर लावावा लागतो. यावर उतारा नाही. श्वास सांभाळायचा आणि वाट बघायची.

एवढ्यात कोणीतरी म्हणतंच, ‘आईबापांचं लक्ष कुठे होतं?’ मला या प्रश्नाचा राग येतो. मूल काढून घेतील, पोलीस येतील, या भीतीने आईबाप गप्प बसतात आणि त्या गप्प बसण्याची किंमत मूल सुया टोचून घेत मोजतं. आपल्याकडे होळीला भांगेची थंडाई मुलाच्या पोटात गेली तरी घरचे असेच चाचरतात. डॉक्टरांना पहिल्याच मिनिटाला खरं सांगितलं, तर यातलं बरंचसं टळतं.

दोष द्यायचाच तर अस्वलाच्या आकाराची, लालपिवळी, साखर घोळलेली गोळी बनवणाऱ्याला द्यावा. कोलोरॅडोने २०१७ मध्ये प्राण्यांच्या आणि फळांच्या आकारांवर बंदी घातली. कॅनडात क्वेबेकने त्याहून पुढे जाऊन गांजाच्या गोळ्या-चॉकलेटं विकायलाच मनाई केली. ओंटारिओ, अल्बर्टा आणि ब्रिटिश कोलंबियात २०२० पासून ती दुकानांत आली. तिथे मुलं रुग्णालयात दाखल होण्याचं प्रमाण झपाट्याने वाढलं, क्वेबेकमध्ये तेवढं नाही. लहान मुलं दोन्हीकडची सारखीच, आईबापही तेवढेच दमलेले. फरक होता तो विक्रीच्या नियमात. क्वेबेकचा नियम इतरांनीही करावा, हे माझं ठाम मत आहे.

तोवर काळजी घरातच घ्यायला हवी. अमेरिकेतल्या न्यू जर्सीत एप्रिल २०२२ पासून गांजा उघड विकला जातो. नातवंडं सांभाळायला पुण्या-नाशिकहून आजी-आजोबा तिथे सहा-सहा महिने जाऊन राहतात. घरात असं काही असेल, तर संकोच बाजूला ठेवून त्यांना पाकीट दाखवा, ते कुलपात ठेवा आणि फ्रिजवर विषबाधा केंद्राचा नंबर लावा: १-८००-२२२-१२२२. मूल उठत नसेल किंवा श्वास अडखळत असेल, तर थेट ९११.