प्रज्ञाचक्षूंचे वऱ्हाड आणि डोळ्यांवरची पट्टी

वऱ्हाडच्या मातीने महाराष्ट्राला जी लोकोत्तर माणसे दिली, त्यांत श्री गुलाबराव महाराजांचे स्थान वेगळे आहे. ६ जुलै १८८१ रोजी अमरावती जिल्ह्यातील लोणी टाकळी येथे त्यांचा जन्म झाला. चांदूर बाजार तालुक्यातील माधान हे त्यांचे गाव. वयाच्या नवव्या महिन्याच्या सुमारास त्यांची दृष्टी गेली आणि १९१५ साली, वयाच्या अवघ्या ३४ व्या वर्षी, पुणे येथे त्यांनी देह ठेवला. एवढ्या अल्प आयुष्यात शंभराहून अधिक रचना त्यांच्या हातून झाल्या. वेदान्त, योग, संगीत यांबरोबरच स्पेन्सर, डार्विन यांच्या विचारांचाही त्यांनी परामर्श घेतला. समाजाने त्यांना ‘प्रज्ञाचक्षू’ म्हटले ते केवळ गौरवापोटी नव्हे.

ही प्रज्ञा आली कोठून? महाराज ग्रंथ वाचू शकत नव्हते. ते इतरांकडून वाचून घेत, ऐकलेले मनात धारण करीत आणि पुढे स्वतः मजकूर सांगून लिहवून घेत. श्रवण, मनन आणि अखंड अभ्यास हाच तो मार्ग. रूप पाहिल्याची आठवणही ज्यांच्यापाशी असणे कठीण, त्या महाराजांनी कृष्णाच्या सगुण रूपाची मधुरा भक्ती आयुष्यभर केली. मनाचा डोळा हा चर्मचक्षूंवर अवलंबून नसतो, याचे याहून मोठे उदाहरण कोणते?

हे सांगण्याचे कारण असे की, याच मनाच्या डोळ्याचा आपल्याकडे बाजार मांडला गेला. २०१० नंतरच्या दशकात महाराष्ट्रातील शहराशहरांतून ‘मिडब्रेन अॅक्टिव्हेशन’ नावाच्या वर्गांचे पेव फुटले. डोळ्यांवर पट्टी बांधलेले मूल नोटेवरचा क्रमांक वाचते, रंग ओळखते, असे प्रयोग पालकांपुढे होत. हजारो रुपये शुल्क घेतले जाई, आणि वर योग, तिसरा नेत्र, ऋषिमुनींचे ज्ञान अशा शब्दांची पखरण असे. मंगळुरूचे नरेंद्र नायक आणि इतर कार्यकर्त्यांनी तपासणी करून दाखविले की, नाकाच्या बाजूला राहणाऱ्या फटीतून मूल पाहत असते. फट नीट बुजवली की वाचन थांबते. मध्यमेंदूचे काम डोळ्यांच्या हालचाली, ऐकणे यांसारख्या क्रियांशी निगडित असून, तो जन्मापासून चालूच असतो. नावे बदलून असे वर्ग पुन्हा उगवतात, म्हणून सावधगिरी हवी. त्यात पैशापेक्षा मोठी हानी आहे. आई-वडिलांसमोर टाळ्या मिळविण्यासाठी खोटे बोलण्याचा संस्कार त्या कोवळ्या मनावर होतो.

या प्रकारांना उघडे पाडण्याचे काम अंधश्रद्धा निर्मूलनवाल्यांचे, आपले नव्हे, असे म्हणून चालणार नाही. ज्याच्या घरचे नाणे खरे असते, खोट्या नाण्याची चीड त्यालाच अधिक यायला हवी. पतंजलींनी योगसूत्रांच्या तिसऱ्या पादाचा आरंभ धारणेने केला आहे. चित्त एका स्थानी बांधून ठेवणे, ही त्यांची व्याख्या. त्याच पादात सिद्धींचे वर्णन आहे आणि त्या समाधीच्या मार्गातील विघ्ने आहेत, असा स्पष्ट इशाराही आहे. आद्य शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या शिवमानसपूजेत साधक रत्नजडित आसनापासून नैवेद्यापर्यंत सारे मनानेच अर्पण करतो. त्यात दाखविण्यासारखे काही नाही, विकण्यासारखे तर नाहीच.

आधुनिक विज्ञानाने मनश्चित्राची शक्ती नाकारलेली नाही. १९७१ साली शेपर्ड आणि मेट्झलर यांनी दाखविले की, एखादी आकृती मनात जितकी अधिक फिरवावी लागते, तितका अधिक वेळ लागतो. १९७६ साली हाच प्रयोग जन्मांध व्यक्तींवर स्पर्शाच्या साहाय्याने झाला, तेव्हा त्यांच्याबाबतीतही तेच आढळले. १९९५ च्या एका प्रयोगात पियानोचा पाठ पाच दिवस केवळ मनात गिरविणाऱ्यांच्या मेंदूतही प्रत्यक्ष वाजविणाऱ्यांसारखे बदल दिसले. मात्र अचूकतेत प्रत्यक्ष सराव करणारेच पुढे होते. मनातला सराव हा हातांच्या सरावाला पूरक आहे, पर्याय नाही. शिवाय काही माणसांच्या मनात चित्रे उमटतच नाहीत, आणि तरीही ती उत्तम विचार करतात. २०१५ साली अॅडम झेमन यांनी या अवस्थेला ‘अफँटेशिया’ हे नाव दिले. तेव्हा ‘डोळे मीट आणि पाहा’ असे सांगितल्यावर एखाद्या मुलाला काही दिसले नाही, तर त्याला मंद समजू नये.

रोगनिवारणाच्या क्षेत्रात तर विवेक अधिकच हवा. डॉ. विलयानूर रामचंद्रन यांनी गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात तुटलेल्या हाताच्या जागी जाणवणाऱ्या वेदनेवर आरशाचा उपाय शोधला; आरशातल्या हाताचे प्रतिबिंब पाहून अनेकांची वेदना हलकी झाली. शांत दृश्याचे ध्यान केल्याने चिंता व वेदना कमी होण्यास मदत होते. पण अमेरिकेत १९७० च्या दशकात कल्पनाचित्रांनी कर्करोगाची गाठ विरघळते अशी जी आशा निर्माण झाली, तिला पुरावा मिळाला नाही. अकोल्याच्या एखाद्या खेड्यातील रुग्णाला तपासणीसाठी नागपूर गाठायचे असते, तेव्हा ‘ध्यानाने बरे होईल’ या शब्दांवर गेलेले तीन महिने परत मिळत नाहीत. ध्यान जरूर करावे. औषध सोडून मात्र नव्हे.

शिक्षणाचेही तसेच. आज अकोला आणि अमरावतीत प्रवेशपरीक्षांच्या शिकवण्यांना गावोगावची मुले येतात. त्यांच्या हाती मोबाईल आहे आणि प्रत्येक गोष्टीचे तयार चित्र पडद्यावर आहे. तयार चित्र उपयोगी असते, पण सदैव तेच मिळत राहिले, तर मनाने स्वतः चित्र रचण्याचा व्यायाम होत नाही. शरीराच्या व्यायामाचे मोल अमरावतीला नव्याने सांगायला नको; १९१४ पासून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ ते काम करीत आहे. मनाच्या आखाड्याचे काय?

त्यासाठी शुल्क लागत नाही. संस्कारवर्गात आणि शाखेत गोष्ट चित्रांवाचून सांगावी आणि मुलांना ती आपल्या शब्दांत परत सांगू द्यावी. अमरावतीच्या मुलाने घरापासून अंबादेवीपर्यंतचा, अकोल्याच्या मुलाने राजराजेश्वर मंदिरापर्यंतचा रस्ता डोळे मिटून वळणावळणाने वर्णावा. रक्ताभिसरणाची आकृती पुस्तक मिटून काढावी आणि मग पुस्तक उघडून आपली चूक आपणच शोधावी. आजीने वाचावे, नातवाने ऐकावे; कधी नातवाने वाचावे, आजीने ऐकावे. माधानच्या त्या दृष्टिहीन साधकाची विद्या अशाच ऐकण्यातून आणि चिंतनातून उभी राहिली होती. मुलांच्या डोळ्यांवर पट्टी बांधायला निघालेल्यांच्या दारातून परत फिरणे, हीच त्यांना खरी आदरांजली ठरेल.