गारांच्या ढगातून गवतावर

विमान ढगात शिरून हेलकावे खाऊ लागले की प्रवासी खुर्चीचे हात घट्ट धरतात आणि हवाईसुंदरीच्या चेहऱ्याकडे पाहतात. ती हसत असेल तर सारे ठीक, अशी एक समजूत असते. पुढे बंद दाराआड बसलेल्या दोघांची नजर मात्र एका लहानशा पडद्यावर खिळलेली असते. त्यावर हिरवा रंग म्हणजे हलका पाऊस, पिवळा म्हणजे जोराचा आणि लाल दिसला तर तिकडे जायचेच नाही.

लांबच्या प्रवासात विमान बहुतेक वेळ उंचावर, ढगांच्या वरून जाते. तास-दोन तासांच्या उड्डाणात मात्र ते वर चढते न चढते तोच उतरायची वेळ होते. ढग टाळायला जागाही कमी आणि सवडही कमी.

२४ मे १९८८ रोजी एल साल्वादोरच्या 'टाका' कंपनीचे बोइंग ७३७ मध्य अमेरिकेतील बेलीझहून अमेरिकेच्या न्यू ऑर्लिन्स शहराकडे निघाले. विमान जवळजवळ कोरे करकरीत. आत ३८ प्रवासी आणि ७ कर्मचारी. कप्तान कार्लोस दार्दानो अवघा २९ वर्षांचा, पण १३ हजारांहून अधिक तास विमान चालवलेला. मायदेशातील यादवीत गोळीबारात सापडून त्याने एक डोळा गमावला होता. तरीही त्याने उड्डाण सोडले नव्हते.

न्यू ऑर्लिन्स जवळ आले तेव्हा समोर ढगांची रांग उभी होती. रडारवर डावी-उजवीकडे लाल डाग, मधून वाट. त्यांनी ती वाट धरली. इंजिनातील ठिणगी सतत चालू ठेवली, बर्फ साचू न देणारी यंत्रणा सुरू केली. म्हणजे नियमाने करायचे ते सारे केले. तरीही पाऊस आणि गारांचा असा मारा झाला की १६,५०० फुटांवर दोन्ही इंजिने विझली. होय, विझली. जेट इंजिनात चुलीसारखी ज्वाळा जळत असते. विमान उतरताना ते मंद गतीने फिरते, तेव्हा आत घुसलेले पाणी बाहेर भिरकावण्याइतका जोर त्यात उरत नाही.

शेपटीतले छोटे इंजिन सुरू करून त्यांनी वीज परत मिळवली. मोठी इंजिनेही पेटली, पण वेग घेईनात, नुसतीच तापू लागली. आग लागण्यापेक्षा बंद केलेली बरी, म्हणून तीही बंद केली. आता ते विमान म्हणजे एक अवजड घसरगुंडीच. जवळच्या धावपट्टीपर्यंतही ते पोहोचणार नव्हते. खाली एक कालवा दिसत होता. पाण्यातच उतरायचे असे ठरत असताना उजवीकडे पूर अडवणारा मातीचा बांध आणि त्यालगतची गवताची पट्टी दिसली. दार्दानोने विमान तिथे वळवले आणि पावसाने भिजलेल्या त्या गवतावर अलगद टेकवले. ४५ च्या ४५ जण वाचले. एकाला किरकोळ दुखापत झाली, एवढेच.

सगळ्यांचे नशीब असे नसते. ४ एप्रिल १९७७ रोजी अमेरिकेतच हंट्सव्हिलहून अटलांटाला जाणारे सदर्न एअरवेजचे विमान अशाच वादळात सापडले. उड्डाण जेमतेम २५ मिनिटांचे. गारांनी त्याचीही दोन्ही इंजिने निकामी केली. ते हमरस्त्यावर उतरवावे लागले आणि विमानातील व जमिनीवरील मिळून ७२ माणसे गेली. वादळातून वाट काढताना वैमानिक विमानातल्या रडारवर विसंबले, हे चौकशीत एक कारण म्हणून नोंदवले गेले. पाऊस फार दाट असला की रडारच्या लहरी त्यातच जिरतात. पलीकडे वादळ असूनही पडद्यावर जागा मोकळी दिसते.

पावसाळ्यात गोव्याला निघालेले विमान न उतरता मुंबईला परतले की प्रवासी कप्तानाच्या नावाने बोटे मोडतात. घरी लग्न असते, कुणाची सुट्टी वाया जाते, राग येणारच. पण त्या क्षणी पडद्यावर त्याला काय दिसले आणि काय दिसले नाही, हे खुर्चीत बसून कळत नाही.

न्यू ऑर्लिन्सच्या प्रसंगानंतर इंजिन बनवणाऱ्यांनी त्याच्या नाकाच्या टोकाचा आकार बदलला आणि पाणी बाहेर टाकणारी दारे वाढवली. मुसळधार पावसात इंजिनाची गती ठरावीक मर्यादेखाली जाऊ द्यायची नाही, असा दंडकही घालून दिला. ते विमान मात्र तिथेच दुरुस्त झाले. इंजिन बदलून, शेजारच्या कारखान्याच्या आवारातल्या रस्त्यावरूनच त्याने उड्डाण केले. पुढे ते दुसऱ्या कंपनीकडे गेले आणि २०१६ पर्यंत प्रवासी वाहत राहिले.