नाव नंतर, आधी पुरावा

11 जुलै 2006 च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये सात स्फोट झाले आणि 180 हून अधिक माणसे गेली. 2015 मध्ये विशेष न्यायालयाने बारा जणांना दोषी ठरवले, त्यांतल्या पाच जणांना फाशी सुनावली. 21 जुलै 2025 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्या साऱ्यांची निर्दोष मुक्तता केली. राज्य सरकारने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली आणि हा निकाल अन्य खटल्यांत दाखला मानू नये, एवढी स्थगिती त्या न्यायालयाने दिली. उच्च न्यायालयाने ज्या त्रुटी दाखवल्या त्या मात्र आजच वाचायला हव्यात. ओळख परेड घेणाऱ्या अधिकाऱ्याला ती घेण्याचा अधिकारच नव्हता. महत्त्वाचे साक्षीदार पुढे आले ते शंभराहून अधिक दिवसांनी. जप्त केलेला मुद्देमाल नीट सीलबंद ठेवलेला नव्हता आणि बॉम्ब कोणत्या प्रकारचा होता हेही सरकार पक्षाला शाबीत करता आले नाही. कबुलीजबाबांसाठी छळ झाल्याचा मुद्दा याहून गंभीर आहे आणि तो निव्वळ नियोजनाने सुटणारा नाही. बाकीच्या त्रुटी मात्र कामाच्या आखणीतल्या आहेत. परेड घेणाऱ्याचे अधिकारपत्र चालू आहे का, हे आदल्या दिवशी पाहता येते. ते पाहिले गेले नाही आणि एकोणीस वर्षांनी मृतांच्या घरच्यांच्या हाती काहीच उरले नाही.

गुन्ह्याच्या तपासाची योजना म्हणजे काय, याचा आपल्याकडे फारसा विचार होत नाही. संशयिताला उचलणे आणि पत्रकार परिषद घेणे म्हणजे गुन्हा उघडकीस आणणे, अशी समजूत पोलिसांइतकीच आपलीही आहे. खरे तर फिर्याद नोंदवल्याबरोबर तपासी अंमलदाराने स्वतःला विचारायचे प्रश्न साधे असतात. या कलमाखाली नेमके काय सिद्ध करावे लागेल? ते कशाने सिद्ध होईल? आणि त्यातले कोणते आधी नष्ट होईल? हा तिसरा प्रश्न सर्वांत मोलाचा, कारण प्रत्येक पुराव्याचे आयुष्य वेगळे असते. दुकानातला सीसीटीव्ही जुने चित्रण काही आठवड्यांत, कधी काही दिवसांतच पुसून टाकतो. रक्ताने भिजलेला कपडा न वाळवता प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधला की त्यावरचा डीएनए कुजतो. तो सावलीत वाळवून कागदात बांधावा लागतो. शेजाऱ्याची आठवण पंधरवड्यात वर्तमानपत्रातल्या बातम्यांशी मिसळून जाते. आरोपी चार दिवस उशिरा सापडला तरी चालते, चित्रण चार दिवस उशिरा मागून चालत नाही. हा क्रम लिहून ठेवला नाही, की माणूस साहजिकच संशयिताच्या मागे धावतो आणि चित्रण राहून जाते.

सर्वोच्च न्यायालयाने हे दुखणे 7 जानेवारी 2014 रोजी नेमके ओळखले होते. अहमदाबादमधल्या सहा वर्षांच्या मुलीवरील अत्याचार आणि खुनाच्या त्या प्रकरणात तपासातल्या आणि खटल्यातल्या उणिवांमुळे आरोपीची सुटका कायम करणे न्यायालयाला भाग पडले. महत्त्वाचे साक्षीदार तपासले गेले नव्हते, करता येण्याजोग्या वैज्ञानिक चाचण्या करून घेतल्या नव्हत्या. त्याच निकालात न्यायालयाने प्रत्येक राज्याच्या गृह खात्याला सांगितले, की निर्दोष सुटकेचा प्रत्येक निकाल तपासा, चूक कुठे झाली ते नोंदवा, दोषी अधिकाऱ्यावर विभागीय कारवाई करा आणि त्या चुका प्रशिक्षणात शिकवा. या आदेशातला शेवटचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. शिक्षेच्या भीतीने अधिकारी कागद सजवायला शिकेल. दुसऱ्याची चूक समोर ठेवून शिकवले तर तपास शिकेल.

यावर अनुभवी पोलीस अधिकारी म्हणतील, की गुन्हा वेळापत्रकाने उलगडत नाही. खबरी आणि अंगात मुरलेली नजर हीच खरी. त्यात तथ्य आहे. पण खबरी नाव देतो, पुरावा देत नाही, आणि योजना म्हणजे वेळापत्रकही नव्हे. नवी माहिती आली की ती बदलायचीच असते; फक्त कधी आणि का बदलली, याची नोंद हवी. दुसरा आक्षेप अधिक खरा आहे: आज पंचनामा, उद्या मोर्चाचा बंदोबस्त, परवा न्यायालयात साक्ष, अशा अधिकाऱ्याने योजना कधी लिहायची? तपासाचे आणि कायदा-सुव्यवस्थेचे मनुष्यबळ वेगळे करा, असे सर्वोच्च न्यायालयाने प्रकाश सिंग खटल्यात सप्टेंबर 2006 मध्येच सांगितले होते. ते मनापासून न करणाऱ्या सरकारांचा हा दोष आहे आणि तो ठाण्यातल्या उपनिरीक्षकाच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. तरीही केवळ माणसे वाढवून भागत नाही, हे इंग्लंडमधल्या यॉर्कशरने दाखवले. 1975 ते 1980 या काळात तेरा स्त्रियांचे खून करणाऱ्या पीटर सटक्लिफसाठी अफाट फौजफाटा लावला होता. पोलिसांनी त्याची नऊ वेळा चौकशी केली आणि नऊही वेळा तो सुटला. माहिती असंख्य कार्डांत विखुरलेली होती, आणि 1979 मध्ये आलेल्या एका बनावट ध्वनिफितीतला बोलण्याचा ढंग खुन्याचाच मानून तपासाची दिशा ठरवली गेली होती. जानेवारी 1981 मध्ये तो सापडला तो गाडीच्या खोट्या नंबरप्लेटमुळे. त्या नामुष्कीनंतर ब्रिटनने मोठ्या तपासांसाठी होम्स ही संगणकप्रणाली उभारली.

लिहून ठेवलेली योजना बचाव पक्षाच्या हाती लागेल, ही भीतीही ऐकू येते. केस डायरीला भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 192 चे संरक्षण आहे. न्यायालय ती मागवू शकते, आरोपीला ती सहसा पाहता येत नाही. मग योजना तिथेच लिहावी. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या या संहितेने झडती-जप्तीचे चित्रीकरण बंधनकारक केले आणि सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत फॉरेन्सिक तज्ज्ञांनी घटनास्थळी जाण्याची तरतूद केली, तिच्या अंमलबजावणीसाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंत मुदतही दिली. पण तज्ज्ञाने तिथे काय शोधायचे, हे ठरवणारा अजूनही तपासी अंमलदारच आहे. म्हणून गंभीर गुन्ह्यात पहिल्या चोवीस तासांत डायरीत एक पान लिहिले जावे: काय सिद्ध करायचे, कोणता पुरावा किती दिवसांत नाहीसा होईल, तो कोण आणणार. त्यावर पर्यवेक्षक उपअधीक्षकाची किंवा सहायक आयुक्तांची तारखेसह सही असावी. 2014 च्या निकालानुसार राज्याने निर्दोष सुटकेची किती प्रकरणे तपासली आणि त्यांतून काय निघाले, हे गृह खात्याने दर वर्षी विधिमंडळापुढे ठेवावे.